सूज उतरेपर्यंत थांबा म्हणतात, ते का?

प्रश्न : आई ५८ वर्षांची, साखरेची गोळी बरीच वर्षं चालू आहे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडली आणि उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. प्लेट टाकावी लागेल म्हणाले, पण कच्चं प्लास्टर घालून ‘सूज उतरली की या’ म्हणून घरी पाठवलं. गल्लीतले म्हणतात, डॉक्टर वेळ काढताहेत, हाडवैद्याकडं न्या. वांगं बंद करा, पू होतो, असंही सांगतात. घराला दोन पायऱ्या आहेत, संडास परसात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दीड महिना उरलाय, तोवर ती चालेल का? आणि प्लेट नंतर काढावी लागते का? – एक लेक, चोपडा तालुका

उत्तर : ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करणारी नाही. पण ऑपरेशननंतरचे घोटे रोज माझ्याच हाताखालून जातात, आणि चिघळलेल्या जखमा बघितल्या की वाटतं, या घाईला गल्लीच कारण असते.

घोट्यावर मांस असं नसतंच. कातडी, आणि खाली लगेच हाड. सुजेनं ताणलेल्या कातडीला चीर दिली तर टाके ओढून बसतात, कडा काळ्या पडतात, जखम उघडते आणि आतली प्लेट दिसायला लागते. साखर असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून सर्जन कातडीवर नजर ठेवतात. चकचकीत कातडी सैल होऊन तिच्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या की ऑपरेशनची वेळ झाली. त्याला आठवडा लागतो, कधी दोन. सांधा निखळून तसाच राहिला असेल किंवा हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं थांबत नाहीत.

आता सूज उतरवणं तुमच्या हातात आहे. पाय वर ठेवा म्हटलं की आपल्याकडे माणूस खुर्चीत बसतो आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवतो. त्यानं काही होत नाही. आईला आडवं झोपवा, पोटरीखाली गोधड्यांची घडी द्या, पाऊल छातीपेक्षा वर आलं पाहिजे. टाच मात्र अधांतरी हवी. टेकून राहिली की तिथं चट्टा पडतो आणि साखरेत तो लवकर भरत नाही. बोटं दिवसभर हलवत राहायची. आंबेहळदीचा लेप, गरम पिशवीचा शेक, चोळणं, सगळं बंद. साखरेनं तळवे बधिर झाले असतील तर भाजलेलं कळतही नाही.

जोडवी आजच काढा. सुजलेल्या बोटात ती रुततात आणि मग ऑपरेशनच्या सकाळी कापावी लागतात. पाय वर धरून, बोटाला साबणाचं पाणी लावून, फिरवत फिरवत काढा. नाहीच निघाली तर दवाखान्यात दाखवा. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा. पायावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका, बारीक ओरखड्यातून जंतू शिरतात. आई मिसरी लावत असेल तर तीही सोडायला लावा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, हाड आणि जखम दोन्ही रेंगाळतात. त्या सकाळी साखरेची गोळी घ्यायची की नाही, किती तास उपाशी राहायचं, हे भूलतज्ज्ञांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा.

घराचं काम ऑपरेशनच्या आधी उरका. खाट खालच्या खोलीत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असली तरी यंदा नाही. कमोडची खुर्ची खाटेजवळ ठेवा, रात्री परसात जायचं नाही. वॉकर आधीच आणून उजवा पाय उचलून चालण्याची सवय करून घ्या. नंतर दुखत असताना शिकणं फार जिवावर येतं. दोन पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी माणूस हवाच. प्लास्टरमध्ये घाम येऊन खाज सुटते, तेव्हा बायका झाडूची काडी आत घालतात. ती काडी आधी लपवा, कूलर पायाकडे वळवा.

वांग्यानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि वाढलेली साखर त्यांना साथ देते. भरीत खुशाल खाऊ द्या, सोबत कळण्याची भाकरी. तिच्यात उडीद असतो, तो चांगलाच. डाळ, अंडी, दूध वाढवा. घरची केळी म्हणून घड संपवायला मात्र बसू नका.

चालण्याचं म्हणाल, तर टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, साखरेत तिसराही लागतो. धडधाकट माणसाला बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास पाय टेकवू देतात. साखर मुरलेल्या माणसाला कधी त्याच्या दुप्पट थांबवतात. तुमच्या आईचा धोका इथंच आहे. बधिर पाय दुखत नाही, म्हणून माणूस टेकवतो, आणि स्क्रू सैल होतात. दुखत नाही याचा अर्थ हाड जुळलं असा नाही, ते एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील. तेव्हा आखाजीला मांडे लेकींनी करावेत, आईनं खाटेवरून चुका काढाव्यात. झोका नाही.

पोटरी अचानक सुजून दुखली, धाप लागली, बोटं गार किंवा निळी पडली, प्लास्टरमधून वास आला, ताप चढला, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी. संध्याकाळची सूज मात्र सहा महिनेही राहते, तिला घाबरू नका.

प्लेट बहुतेकांची आयुष्यभर आतच राहते. चपलेचा पट्टा तिच्यावर घासायला लागला किंवा स्क्रूचं डोकं टोचलं, तर हाड पक्कं झाल्यावर, साधारण वर्षानं, काढतात. एखादा स्क्रू मुद्दाम लवकर काढायचा असतो, ते ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.