सोडचिठ्ठीचा कागद हरवलाय, आता मागायचा कुठे?

पावसाळ्याच्या तोंडावर ताई आमच्या सल्ला केंद्रात आल्या, सोबत भावजय. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि घड्या पडून पिवळा पडलेला शंभराचा स्टॅम्पपेपर. नाव-गाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. त्यांची चिंता मात्र जशीच्या तशी सांगते, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तीच घेऊन माझ्यासमोर बसतं.

ताईंचं दुसरं लग्न ठरत होतं. समोरचा माणूस विधुर, घर चांगलं. त्यांनी एवढंच म्हटलं, “पहिल्या घटस्फोटाचा कोर्टाचा कागद दाखवा, म्हणजे पुढं बोलू.” कागद वकिलांकडे होता आणि वकील चार वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या घरी विचारलं तर फायली रद्दीत गेल्याचं कळलं. कोर्टाबाहेर एकाने “काढून देतो, आठ हजार लागतील,” असं सांगितलं. ताईंची आठ हजार भरायचीही तयारी होती. त्यांना खरी धास्ती वेगळीच होती.

“मॅडम, मी कागद मागितला की माझ्या पहिल्या नवऱ्याला नोटीस जाईल का? अन् गावात कळंल का? त्यात माझ्याबद्दल काय काय लिहिलेलं आसंल?”

सगळ्यात आधी मी ह्याच प्रश्नांची उत्तरं देते. नाही, नोटीस जात नाही. दाव्यात तुम्ही पक्षकार होतात, आपल्या निकालाची नक्कल मागायला समोरच्याला विचारावं लागत नाही. त्रयस्थाने मागितली तर त्याला कारण द्यावं लागतं. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे असे दावे बंद खोलीत चालतात आणि त्यातला मजकूर छापायला बंदी आहे. हे ऐकून ताईंनी पदराने कपाळ पुसलं आणि पहिल्यांदा पाण्याचा पेला उचलला.

मग मी स्टॅम्पपेपर उघडला. फारकतनामा, म्हणजे कोर्टाबाहेर आपसात लिहिलेली सोडचिठ्ठी. दोघांचे अंगठे, पाच पंचांच्या सह्या, नोटरीचा गोल शिक्का. इथे माझ्या पोटात गोळा येतो, खोटं कशाला सांगू. नोटरीच्या शिक्क्याने हिंदू लग्न मोडत नाही. एखाद्या जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या अशा कागदावर दुसरं लग्न लावून पुढे पोटगीला, वारसाला मुकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून विचारलं, “ताई, तुम्ही कोर्टात उभ्या राहिला होता का? किती वेळा?”

“गेले होते. एकदा का दोनदा, ध्यानात न्हाई.”

सगळं ह्या एका उत्तरावर अडलं होतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कोर्टासमोर दोनदा यावं लागतं. आधी दोघं मिळून अर्ज करतात, मग साधारण सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी येऊन “आमचं म्हणणं कायम आहे” असं सांगायचं. ही दुसरी खेप चुकली तर अर्ज घटस्फोट न होता तसाच निकाली निघतो आणि लग्न कायम राहतं. वर्षानुवर्षं स्वतःला सुटलेली समजणारी बाई कागदावर अजून त्याची बायको असते.

तारखा कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सणवार, पिकं आणि मुलांची शाळा विचारते. पहिल्यांदा गेलात तेव्हा शेतात काय होतं? “पोळा व्हायचा व्हता. बैलाच्या झुली घ्यायच्या म्हणून भाऊ माझ्यासंगं तालुक्याला आला.” आणि दुसऱ्यांदा? ताई गप्प झाल्या. भावजय म्हणाली, “आवं, ऊन किती व्हतं! तुम्ही पोरीला माझ्याकडं ठेवून गेला होता. त्याच जूनला तिचं नाव पहिलीत घातलं.” मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर पहिलीतला प्रवेश जून 2011 चा निघाला. म्हणजे अर्ज 2010 च्या पोळ्याआधीचा आणि दुसरी खेप 2011 च्या उन्हाळ्यातली. मधे सहा महिन्यांहून जास्त. मला जरा धीर आला.

तरी कोर्टातले दावे शोधायच्या ई-कोर्ट्सच्या ॲपवर ताईंचं नाव टाकलं तर काहीच निघेना. चूक माझीही होती, मी 2011 साल टाकत होते. दाव्याचा नंबर दाखल झालेल्या सालाचा असतो, निकालाच्या नाही. 2010 टाकलं, तरी नाही. तेव्हा भावजयीला आठवलं की लग्नात ताईंचं नाव बदललं होतं. माहेरचं एक, सासरचं एक, आणि आधारवर आज माहेरचंच आहे. बायकांचे जुने दावे न सापडायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या अनुभवात हेच. शेवटी नवऱ्याच्या नावाने शोधलं आणि ‘निकाली’ अशी ओळ दिसली. ॲपवर नंबर आणि तारखा कळतात, सहीशिक्क्याची नक्कल कोर्टातूनच घ्यावी लागते.

आमच्या तालुक्याला कुटुंब न्यायालय नाही. असे दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात चालतात, त्या दाव्यांना एचएमपी, म्हणजे हिंदू मॅरेज पिटिशन, म्हणतात. म्हणून नक्कल विभागात जाऊन “घटस्फोटाचा कागद द्या” म्हटलं की खिडकीतून “नंबर आणा” असं उत्तर येतं आणि बाई घाबरून परत फिरते. ताईंनाही आधी असंच परत पाठवलं होतं. ह्या वेळी आम्ही अर्जावर एचएमपी नंबर, दोघांची दाव्यातली नावं आणि निकालाची तारीख लिहिली, कोर्ट फीचा स्टॅम्प लावला. मागणी काय, तर “निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित नकला, प्रत्येकी दोन.” हुकूमनामा म्हणजे डिक्री. नुसती ‘ऑर्डरची कॉपी’ मागितली की कधी रोजनाम्याचं, म्हणजे तारखेला काय झालं त्या नोंदीचं, पान हातात पडतं आणि पुन्हा खेटे घालावे लागतात. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जुनं रेशनकार्ड सोबत जोडलं. फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेलेली होती, ती यायला वेळ लागला. खर्च झाला तो स्टॅम्पचा, पानांच्या फीचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा. आठ हजार कुठेच लागले नाहीत.

हे लिहिताना दर वेळी जीव तुटतो, कारण कायद्याने ताईंना पहिली प्रत 2011 मध्येच फुकट मिळायला हवी होती. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 23 च्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टाने दोन्ही पक्षकारांना त्याची प्रत विनामूल्य द्यायची. बाईची प्रत वकील घेतो किंवा भाऊ घेतो. दावा चालू असेल तर बायांनो, ती प्रत स्वतःच्या हातात मागून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केला तरी चालतो.

आणि दावा सापडलाच नाही, किंवा तसाच निकाली निघालेला दिसला तर? तसंही एकीचं झालं होतं, फक्त स्टॅम्पपेपर होता. तिचा आणि नवऱ्याचा नव्याने संमतीचा अर्ज केला. दोघं कैक वर्षं वेगळे राहत होते, म्हणून वकिलांनी सहा महिन्यांची अट शिथिल करून मागितली. 2017 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे कोर्टाला तसं करता येतं.

नक्कल मिळाली त्या दिवशी ताई मुलीला घेऊन आल्या. ती आता कॉलेजात आहे. बाकावर बसून तिने मोठ्याने वाचलं. दोघं एक वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतात, एकत्र नांदणं शक्य नाही, विवाह संमतीने संपुष्टात आणण्यात येत आहे, मुलगी आईकडे राहील. संपलं. ताई म्हणाल्या, “एवढंच? त्याच्या माराचं कायच न्हाई?”

संमतीच्या अर्जात कारण लिहावं लागत नाही, असं मी सांगितलं. ज्या मजकुराची इतकी वर्षं भीती होती तो तिथे नव्हताच, आणि जे सोसलं तेही नव्हतं. ताई बराच वेळ रडल्या. मी मधे बोलले नाही. मुलीने कागद ओला होऊ नये म्हणून बाजूला धरला होता.

मग भावजयीने व्यवहाराचं विचारलं, लग्नाला आता काही आडकाठी? नाही. अपिलाची 90 दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली. “लॅमिनेट करून ठेवू का?” त्याला मात्र मी नको म्हटलं. शिक्का, सही तपासता येत नाही म्हणून कचेरीत अडवतात.

एक जोडी पाहुण्यांना दाखवायला वेगळी काढली. दुसरी मुलीने स्वतःच्या दहावीच्या मार्कशीटच्या फाईलमध्ये घातली आणि म्हणाली, “ही माझ्याकडं राहू दे आई.” चारची एस.टी. होती, तिघी निघाल्या.