पोर्तो रिकोत सात दिवस गाडीने फिरायचंय: रोज नवं गाव घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता, साठी ओलांडलेले शाकाहारी आई-बाबा भारतातून आलेत, डिसेंबरअखेर सात दिवस पोर्तो रिकोला, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर जायचंय. बेट जेमतेम 160 बाय 55 किलोमीटर, म्हणून रोज एका नव्या गावात मुक्काम करत प्रदक्षिणा घालायची कल्पना आहे.

तसं करू नका. सहा रात्रींना तीन मुक्काम पुरेत: सान हुआनला दोन, पूर्वेला लुकियो किंवा फाहार्दोत दोन, नैऋत्येला ला पार्गेरा किंवा काबो रोहोच्या आसपास दोन. रोज बॅगा भरणं, अकराला खोली सोडणं आणि पुढची खोली तीन-चारला मिळणं यात दिवसाचे चार-पाच तास जातात, आणि ते नेमके उन्हाचे, फिरायचे तास असतात.

बेट लहान आहे म्हणून लोक फसतात. 22, 52, 53 नंबरचे हमरस्ते झकास आहेत, सान हुआन ते पोन्से हे 110 किलोमीटर दीड तासात होतात. पण मधे आडवा डोंगर आहे, सर्वात उंच शिखर 1338 मीटर. त्यातल्या रस्त्यांवर ताशी 25-30 किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. रस्त्याचा नंबर जितका मोठा तितका रस्ता बारीक, असा ढोबळ हिशेब धरा. तीन-चार आकडी रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. वरंधा घाटात गाडी चालवलेल्या माणसाला यात नवल नाही, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायची पद्धतही तीच. मात्र मॅपवाल्याला हे कळत नाही. तो दहा मिनिटं वाचवायला तुम्हाला डोंगरात घालतो. दर वेळी निघण्याआधी रस्त्याचे नंबर बघा आणि अंधार पडल्यावर डोंगरात शिरू नका. खड्डे दिसत नाहीत, मोबाइलला रेंज नसते. मॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

तारखा ठरवताना पहिल्यांदा विमानाचं भाडं बघू नका, तिथी बघा. हे गमतीने म्हणत नाही. रात्री चमकणाऱ्या पाण्याच्या खाड्या हे या बेटाचं सर्वात मोठं आकर्षण, आणि चांदण्यात तो उजेड फिका पडतो. फेऱ्या साधारण संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान असतात. कृष्ण पंचमीनंतर चंद्र रात्री दहाच्या पुढे उगवतो, म्हणजे कृष्ण पंचमी ते शुक्ल तृतीया हे दिवस चांगले, शुक्ल पक्षातली नवमी-दशमी ते पौर्णिमा वाया. घरात कालनिर्णय असेल तर काम झालं.

अशा तीन खाड्या आहेत. सगळ्यात तेजस्वी व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे, पण तिथे जायला सेइबाहून फेरीबोट लागते. भाड्याची गाडी फेरीवर नेता येत नाही, आणि रात्रीच्या फेरफटक्यानंतर परतीची बोट नसते. म्हणजे तिथेच मुक्काम आला. सात दिवसांत मी व्हिएकेस गाळेन. फाहार्दोची लागुना ग्रांदे खारफुटीच्या अरुंद बोळातून कयाकने गाठायची असते, अंधारात तासभर वल्हवावं लागतं. आई-बाबांसाठी ला पार्गेरा सोयीची: मोटरबोटीने जायचं, आणि तिघींपैकी पाण्यात उतरू देतात ती हीच एक. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे तिथला उजेड बाकी दोघींपेक्षा मंद आहे, हे आधी सांगून ठेवतो. पाण्यात हात फिरवला की बोटांमागे निळसर रेघ उमटते, ती एकपेशीय जिवांची करामत. अंगाला मच्छर मलम किंवा सनस्क्रीन फासून पाण्यात उतरू नका, त्याने ते मरतात. फोटोची आशा सोडा, मोबाइलमध्ये नुसता काळोख येतो.

गाडी विमानतळावर उतरल्या उतरल्या घेऊ नका. पहिले दोन दिवस जुन्या सान हुआनमध्ये ती लोढणं होते: निळसर फरसबंदीच्या गल्ल्या, एकेरी वाहतूक, पार्किंगला जागा नाही. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन किल्ले पायी होतात, दोन्हींना एकच तिकीट चालतं. एल मोरोसमोरच्या मैदानाला तसूभर सावली नाही, तिथे सकाळी लवकर जा. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या, पण बुकिंग आत्ताच करा. नाताळापासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तिथे ऐन हंगाम असतो आणि गाड्या अक्षरशः संपतात.

चौघांना मध्यम सेडान पुरते. मोठी एसयूव्ही गावातल्या गल्ल्यांत अडकते. काउंटरवर तीन गोष्टी विचारून घ्या. टोलचा टॅग गाडीत आहे का, आणि त्याचं भाडं रोजचं लागतं की वापरलं त्याच दिवसाचं? रोख घेणाऱ्या खिडक्यांच्या भरवशावर राहता येत नाही, आणि टॅग सुरू नसेल तर दंड महिन्याभराने कार्डावर येतो. दुसरं, विम्यात टायर आणि काच धरली आहे का. इथे सर्वात जास्त नुकसान टायरचंच होतं, पावसाने खड्डे पाण्याखाली जातात आणि टायरची बाजूची भिंत फाटते. तशा टायरला पंक्चर काढून भागत नाही, म्हणून तिसरं: डिकी उघडून खरी स्टेपनी आहे की नुसता हवा भरायचा पंप, हे डोळ्यांनी बघा. गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढा.

रस्त्यावरची मोजमापं हा एक तिढाच आहे. अंतरं किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांत आणि पेट्रोल लिटरमध्ये. पाटीवर 55 दिसलं तर ते मैल. पंपावरचा आकडा बघून 'किती स्वस्त!' म्हणण्याआधी त्याला 3.8 ने गुणा, म्हणजे गॅलनचा भाव कळेल. थांबायच्या पाटीवर 'पारे' लिहिलेलं असतं, बाहेर पडायच्या रस्त्याला 'सालिदा', वळवलेल्याला 'देस्वियो'. पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे गस्तीवरही कायम लागलेले असतात. मागे निळा दिवा दिसला म्हणून घाबरून बाजूला घेऊ नका. भोंगा वाजवला किंवा दिवे लखलखवले, तर थांबायचं.

तिसऱ्या दिवशी 187 नंबरच्या किनारी रस्त्याने पिन्योनेस करत लुकियोला पोचा, चौथा दिवस एल युंकेच्या जंगलाला द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं हे एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. आत जायला 191 नंबरचा रस्ता, आणि तो पलीकडे निघत नाही. डोंगर खचल्यामुळे मधे कायमचा बंद आहे, त्यामुळे 'जंगलातून दक्षिणेला उतरू' असा बेत आखू नका. सकाळी आठच्या आसपास फाटकाशी असा. पार्किंग भरलं की फाटक लावतात आणि आतली गाडी बाहेर पडेपर्यंत बाहेरच्याला ताटकळावं लागतं. आई-बाबांना ला कोका धबधबा गाडीतून उतरल्याबरोबर दिसेल, सुमारे 26 मीटरची धार थेट रस्त्याकडेला. योकाहू मनोऱ्याला पायऱ्या आहेत, पण बेताच्या. शिखराची वाट चांगली असली तरी जाऊन-येऊन तीन-चार तास आणि चिखल, ती त्यांच्यासाठी नाही. छत्री नको, रेनकोट हवा. दुपारी लुकियोच्या किनाऱ्यावर पोहा, तिथे पाणी शांत असतं. हिवाळ्यात उत्तर आणि वायव्य किनाऱ्याला मोठ्या लाटा आणि आत ओढणारे प्रवाह असतात, तिथे नुसतं बघावं. किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाला लाल पट्टा रंगवलेला दिसला किंवा खाली हिरवट सफरचंदासारखी लहान फळं पडलेली दिसली, तर त्याच्या सावलीतही बसू नका. ते मान्सानियो, विषारी आहे. पाऊस आला आणि पानांवरचं पाणी अंगावर ठिबकलं तरी कातडी भाजते.

पाचवा दिवस प्रवासाचा. फाहार्दो ते ला पार्गेरा दोनशे किलोमीटरच्या आसपास, न थांबता तीन तास. 53, 30, 52 असे रस्ते धरा आणि पोन्सेला जेवायला थांबा. चौकातलं लाल-काळ्या पट्ट्यांचं लाकडी अग्निशमन केंद्र 1882 च्या प्रदर्शनासाठी उभारलेलं आहे, अर्ध्या तासात होतं. वाटेत ग्वावातेला अख्खी डुकरं भाजणाऱ्या खाणावळींची रांग आहे, तुमच्या घरच्यांना तिचा उपयोग नाही आणि रविवारी तिथे गाड्या हलत नाहीत. सहावा दिवस काबो रोहोचा: मिठागरं, चुनखडीच्या कड्यावरचं दीपगृह, खाली ला प्लायुएला किनारा. शेवटचा टप्पा कच्चा आणि खड्ड्यांचा, आणि भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. आधीच गाडी लावून चालत जा, टोपी विसरू नका.

सातव्या दिवशी पोन्सेमार्गे सान हुआनला सव्वादोन-अडीच तास, संध्याकाळचं विमान आरामात मिळतं. आणखी बरं म्हणजे परतीचं विमान वायव्येच्या आग्वादियाहून घ्यायचं. न्यू यॉर्क परिसराला तिथून थेट उड्डाणं असतात, पण बऱ्याचदा अवेळी रात्री, आणि गाडी दुसरीकडे सोडल्याचे जादा पैसे पडतात. तसं जमलं तर वाटेत रिंकोन होतं. आरेसिबोची प्रचंड दुर्बीण बघायला मात्र जाऊ नका, ती 1 डिसेंबर 2020 ला कोसळली. काही जुन्या याद्यांत ती अजून आहे.

आता जेवण, कारण तुमच्याकडे भांडण व्हायचं ते इथेच होईल. 'सिन कार्ने' म्हटलं की वाढणाऱ्याच्या मते फक्त लाल मांस वगळलं जातं. कोंबडी आणि हॅम वेगळे सांगावे लागतात: 'सिन पोयो, सिन हामोन'. राजम्यासारख्या घेवड्याच्या रश्शात हॅमचे तुकडे असतात. मोफोंगो म्हणजे तळलेलं कच्चं केळं लाकडी खलबत्त्यात लसूण घालून कुटतात. चव आईला आवडेल, पण त्यात डुकराची कुरकुरीत कातडी कुटलेली असते, म्हणून 'सिन चिचारोन' म्हणा आणि सोबतच्या वाटीतला रस्सा परत करा, तो कोंबडीचा असतो. सणाचा भात 'आर्रोस कोन गांदुलेस' समोर आला की बाबा दाणे ओळखतील: गांदुलेस म्हणजे आपली तूर, ओली. पण हॅम त्यातही असतं. खात्रीचे पदार्थ म्हणजे कच्च्या केळ्याच्या तळलेल्या चकत्या 'तोस्तोनेस', पिकल्या केळ्यांचे अमारियोस, चीज भरलेल्या तळलेल्या करंज्या 'पास्तेलियोस', अव्होकॅडो. मांस तळलेल्या तेलातलं चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ-डाळ घरून न्या.

कागदपत्रांत देशांतर्गत विमान असलं तरी सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, आई-बाबांच्या आय-94 ची (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) छापील प्रत आणि तुमचा आय-797 (व्हिसा-अर्ज मंजुरीचा कागद) किंवा ग्रीन कार्ड जवळ ठेवा, परतताना सान हुआनला विचारू शकतात. तिकीट थेट काढा. मधे दुसऱ्या कॅरिबियन देशात उतरलात तर व्हिसाचा प्रश्न उभा राहील. परतीच्या दिवशी चेक-इनच्या आधी बॅगा कृषी खात्याच्या स्कॅनरमधून काढाव्या लागतात, त्याला अर्धा तास जास्त धरा. भाजलेली कॉफी चालते, आंबा चालत नाही.