अपघाताच्या दोन फायली

अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालीस आणि लगेच प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागातला, अपघात पुढ्यात आला. चौकशीचे सगळे कागद माझ्याकडे, म्हणजे कंपनीच्या बाहेरच्या वकिलाकडे, पाठवले की ते गुप्त होतात का, असं तू विचारलंयस. नाही होत.

मेंटेनन्सचं रजिस्टर, लाईट कर्टन (हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास केल्याची नोंद, हजेरीपट, सीसीटीव्हीचं चित्रण हे सगळं वकील नसला तरी कारखान्यात असतंच. माझ्या कपाटात ठेवलंस तरी फॅक्टरी इन्स्पेक्टर मागेल आणि ते द्यावं लागेल. कायदा संरक्षण देतो ते वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला, सल्ला मागणाऱ्या पत्राला, दिलेल्या सल्ल्याला. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही कलमं १२६ ते १२९ होती; १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ती १३२ ते १३४ आहेत. बेकायदा हेतूसाठी घेतलेल्या सल्ल्याला तर हे संरक्षण मुळातच नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन फायली कर. एकीत नुसती हकीकत: मशीन नंबर, वेळ, कोण हजर होतं, काय दिसलं. कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल तर अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला जायलाच हवी. माझ्या मताची वाट बघून ती अडवायची नाही. आणि ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हे पहिल्याच अहवालात लिहायची आपल्याकडे फार हौस. ते तुला दिसलेलं नसतं, तो तुझा निष्कर्ष असतो, आणि पुढे प्रत्येक सुनावणीत तोच कागद समोर येतो.

दुसऱ्या फाईलमध्ये वकिलाशी झालेला व्यवहार. कंपनीने बाहेरच्या वकिलाला लेखी कळवावं की या अपघातातून उद्भवणाऱ्या कायदेशीर जबाबदारीबद्दल सल्ला हवा आहे. तुझे प्रश्न, शंका, ‘चूक आपलीच वाटते’ हे सगळं त्या पत्रव्यवहारात लिही. नुसतं मला सीसीत घातल्याने किंवा वर ‘गोपनीय’ शिक्का मारल्याने काही होत नाही. शिक्के स्वस्त असतात.

तुमच्या पुण्याच्या लीगल हेडबद्दल जरा सावध राहा. माणूस हुशार आहे, पण पगारी नोकर आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कोर्टात वकिली न करणाऱ्या अशा कायदा अधिकाऱ्याला कलम १३२ चं संरक्षण नाही, आणि मालक व त्याच्यातल्या संवादासाठी कलम १३४ चाही आधार घेता येत नाही. त्याच्याशी ईमेलवर मोकळेपणाने लिहिताना हे लक्षात ठेव.

आता व्हॉट्सॲप. खरी गळती तिथूनच होते. प्लांट हेड माझं मत ‘प्रॉडक्शन’ ग्रुपवर टाकतो, तिथून ते मशीन पुरवणाऱ्याकडे जातं, मग विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडे. एवढं फिरल्यावर ते गुप्त होतं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांनाच दे, आणि कोणाला दिलंस ते लिहून ठेव. सुरक्षा समितीला कारणं आणि उपाय सांग, ते त्यांना कळलंच पाहिजे. वकिलाचं मत त्यांच्या इतिवृत्तात उतरवू नकोस.

जखमी कामगाराचा जबाब घ्यायला मी येईन तेव्हा त्याला आधीच सांग, की हे वकील कंपनीचे आहेत, तुझे नाहीत. हे न सांगता विश्वासाने बोलतं करणं मला पटत नाही. तो बिहारचा आहे म्हणालीस, तर मराठीत लिहून सही घेऊ नका. त्याच्या भाषेत लिहा आणि वाचून दाखवा.

शनिवारी सीबीएस बस स्थानकाजवळच्या माझ्या ऑफिसात ये. कागदांच्या झेरॉक्स आण, मूळ प्रती कारखान्यातच राहू देत. इन्स्पेक्टर पाहून जाईपर्यंत त्या प्रेसला कोणी हात लावणार नाही एवढं बघ.