प्राचीन जपानी दरबारी संस्कृती ही चीनची नक्कलच होती का?

नाही. 'नक्कल' शब्द वाचला की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

क्योटोत नोकरीला असताना पुण्याहून आलेल्या एका वरिष्ठांना मी जुना राजवाडा दाखवायला नेलं. शिशिन्देन, म्हणजे तिथल्या मुख्य वास्तूसमोरच्या दाराचे शेंदरी खांब आणि वरची कौलं बघून ते म्हणाले, "हे तर सगळं चीनच. यांचं स्वतःचं काय?" म्हटलं, सर, दारातून आत बघा. पांढऱ्या खडीच्या अंगणापलीकडे मुख्य वास्तू, बिनरंगाचं लाकूड आणि वर सायप्रसच्या सालीचं जाड छप्पर. बांधकाम 1855चं, घाट जुना. पायऱ्यांपाशी चेरीचं झाड. तिथे आधी प्लम होता, चीनहून आलेला, चिनी कवींचा लाडका. नवव्या शतकात त्याच्या जागी चेरी आली. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या जपानी कवितासंग्रहात प्लमवरच्या कविता चेरीच्या दुपटीहून जास्त आहेत. साधारण 905च्या 'कोकिनशू' या दरबारी कवितासंग्रहात चेरीने प्लमला पार मागे टाकलंय. सर म्हणाले, "झाड बदलल्याने संस्कृती बदलत नाही." परतीच्या बसमध्येही हाच वाद, आणि अजून भेटले की तोच.

तसं उलटं टोकही मला मान्य नाही. 894 साली सुगावारा नो मिचिझाने या दरबारी विद्वानाच्या सांगण्यावरून चीनच्या तांग राजवटीच्या दरबारी जपानी दूत जायचे थांबले आणि मग अस्सल जपानी अभिरुची फुलली, असं सर्रास लिहितात. अहो, मिचिझाने स्वतः चिनी भाषेतला नावाजलेला कवी! व्यापारी जहाजं पुढेही येतच होती. 'कोकिनशू'लाच दोन प्रस्तावना आहेत, एक 'काना' या जपानी लिपीत लिहिलेली जपानी, एक चिनी.

'पिलो बुक' लिहिणारी दरबारी लेखिका सेइ शोनागोन, साधारण इ.स. 1000च्या सुमाराची, तिचा प्रसंग बघा. बाहेर दाट बर्फ, खिडक्यांच्या लाकडी जाळ्या बंद. सम्राज्ञी तेइशी विचारते, कोरो शिखरावरचं बर्फ कसं असेल गं? शोनागोन एक शब्द न बोलता जाळी उघडायला लावते आणि पडदा उंच गुंडाळते. तांग काळातला चिनी कवी बाय जुयी, त्याच्या कवितेत याच शिखरावरचं बर्फ पडदा वर सारूनच बघितलंय. ओळ चिनी आहे, पण ती न म्हणता हाताने उत्तर द्यायचं आणि समोरच्याने ते ओळखायचं, ही रुची हेइआन काळातल्या (794–1185) जपानी दरबाराची. नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही.

'गेंजीची कथा' लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबूला मात्र शोनागोनचं हे चिनी मिरवणं खपत नसे. डायरीत तिने तिला चांगलंच झोडपलंय. स्वतः मात्र सम्राज्ञी शोशीला बाय जुयी शिकवायची, तोही लपूनछपून, कारण बाईने चिनी वाचणं लोकांना रुचत नसे.

हे सगळं मूठभर दरबाऱ्यांपुरतं, हेही खरं. आणि आठव्या शतकातल्या नाराबद्दल, म्हणजे तेव्हाच्या राजधानीबद्दल, बोलायचं तर सरांचं म्हणणं मी बरंचसं मान्य करते. तुम्ही वाचायला सुरुवात करणार असाल तर ती शोनागोनपासून करा, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापासून नको.