सर्वशक्तिमान देवाला मर्यादा असू शकतात का?

स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड देवाला निर्माण करता येत नसेल, तर त्याला सर्वशक्तिमान कसे म्हणायचे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दगडापाशी फार वेळ थांबण्याचे कारण नाही. ज्यात परस्परविरोध आहे ते घडण्याजोगेच नसते, म्हणून ते न करण्याने सामर्थ्यात उणेपणा येत नाही, अशी भूमिका ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच मांडली. याउलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1630 मध्ये आपला मित्र मेर्सेन याला लिहिलेल्या पत्रांत म्हटले की, राजाने कायदे करावेत तशी गणितातील सत्येही ईश्वरानेच ठरवलेली आहेत. तसे मानले तर ईश्वराबद्दल कोणतेही विधान आणि त्याच्या उलटचे विधान दोन्ही खरी ठरू शकतील आणि त्याच्याविषयी बोलणेच खुंटेल, म्हणून मला अक्वायनसचे म्हणणे पटते.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. आमच्या सिंधुदुर्गात ग्रामदेवतेला मर्यादा असणे कोणालाही खटकत नाही. कौल लावताना, म्हणजे देवतेचा होकार की नकार हे विचारताना, गुरव (देवळाचा पुजारी) देवतेच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घातले जाते आणि सारे जण कळी कोणत्या बाजूची पडते याकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर होकार. देवतेची सत्ता गावाच्या शिवेपर्यंत असते आणि कोणाचा मान राहून गेला असेल तर तो आधी द्यावा लागतो, हे तेथे गृहीतच धरलेले असते. पण त्याच देवळात एखादी आई आपल्या आजारी लेकराबद्दल विचारते, तेव्हा तिच्या मनातला देव शिवेपुरता उरलेला नसतो. सर्व काही करू शकणाऱ्याने हे का होऊ दिले, हा तिचा प्रश्न असतो, आणि दगडाच्या कोड्यापेक्षा तो कितीतरी जड आहे.

वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात नेमका हाच आक्षेप घेतला आहे: जगात इतकी विषमता आणि इतके दुःख असेल तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? चौतिसाव्या सूत्राचे उत्तर असे की नाही, कारण तो जीवांच्या कर्माला अनुसरूनच सृष्टी निर्माण करतो. शंकराचार्य येथे पर्जन्याचा दृष्टांत देतात: पाऊस सगळ्या पिकांवर सारखाच पडतो, पण भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. मग ईश्वर कर्माच्या अधीन झाला का? द्वैत मताचे आचार्य मध्व यांच्या मते नाही, कारण कर्माचे अस्तित्वच त्याच्या कृपेवर अवलंबून आहे. यात ईश्वराचे स्वातंत्र्य शाबूत राहते हे खरे, परंतु कर्माचा नियमही त्याच्याच इच्छेने टिकून असेल तर त्या आईचा प्रश्न पुन्हा त्याच्याच दारी येतो, असे मला वाटते.

म्हणून मला महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील उत्तंकाचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. युद्ध संपवून द्वारकेला परतणाऱ्या कृष्णाला उत्तंक मुनी वाटेत भेटतात; समर्थ असूनही तू कौरवांना वाचवले नाहीस म्हणून मी तुला शाप देतो, असे ते म्हणतात. कृष्ण आपले सामर्थ्य नाकारत नाही. मनुष्ययोनीत असताना मनुष्यासारखेच वागावे लागते, मी त्यांची दीनपणे याचना केली, भयही दाखवले, पण त्यांनी ऐकले नाही, असे तो सांगतो. येथे मर्यादा बाहेरून कोणी घातलेली नाही. ज्या योनीत उतरायचे तिचा धर्म पाळायचा, हे त्याचे त्यानेच स्वीकारले आहे, आणि दुर्योधनाची ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्याने काढून घेतलेली नाही. अशी स्वतः पत्करलेली मर्यादा सर्वशक्तिमान असण्याशी विसंगत आहे, असे मी मानत नाही. मात्र लेकराचा आजार कोणाच्या हट्टातून आलेला नसतो, त्यामुळे त्या आईला हे उत्तर पुरेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.