चोपड्याला शेत आहे, पीएम किसानच्या स्टेटसला पैसे जमा दाखवतंय पण पासबुकात एन्ट्री नाही, हप्ता गेला कुठे?

भाऊ, बहुतेक तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात पडला असेल, कारण हा पैसा आधारवर येतो, म्हणजे फॉर्मात कोणताही खाते नंबर दिलेला असो, आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं (म्हणजे सरकारी पैसे घ्यायला जोडलं गेलं) तिथेच तो २००० चा हप्ता जातो. मी यावल तालुक्यात सीएससी (सरकारी कामांचं सेवा केंद्र) चालवतो, केळीवाले निम्मे लोक हीच तक्रार घेऊन येतात आणि मग आठवतं की बाजारात कोणीतरी अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडून दिलं होतं! मायआधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, कोणत्या बँकेत सीड आहे त्या बँकेचं नाव दिसतं. जुन्याच खात्यात पाहिजे तर त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा (डीबीटीचा, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठीचा म्हणून सांगा, नुसतं लिंक नको) फॉर्म भरा, राज्याच्या नमो शेतकरीचे पैसेपण मग तिथेच येतील. फक्त स्टेटसला लँड सीडिंग नो (म्हणजे जमिनीची नोंद जोडलेली नाही) किंवा ई-केवायसी बाकी दाखवत असेल तर हप्ता निघालेलाच नसतो, मग बँकेत चकरा मारू नका, ई-केवायसी आमच्यासारख्याकडे होते, जमिनीचं मात्र सातबारा अन् आठ-अ घेऊन तालुक्यालाच जावं लागतं.