आधी उघडून बघ

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे सगळे फोटो पाहिले. आधी मोबाइलवर, मग चष्मा पुसून मोठ्या पडद्यावर. घरमालकाच्या तळघरात रिकाम्या बाटल्यांमागे वर्षानुवर्षं पडलेली लाल रेसिंग सायकल, खालच्या दांड्यावरचं नाव कुणीतरी खरवडलेलं, चिमट्याच्या पायांना क्रोम. तू विचारतेस, ही कुठल्या कंपनीची, हिचे किती येतील, आणि जुना रंग काढून नवा मारावा का? तिन्ही प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी ती उघडून बघ.

नाव गेलं म्हणून तू खट्टू झालीस, पण नावाचं फार मनावर घेऊ नकोस. त्या काळी मोठे स्पर्धक ज्या नावाच्या सायकलवर बसायचे, ती पुष्कळदा दुसऱ्याच कारागिराने बांधलेली असायची. बेल्जियमचा मोठा शर्यतपटू एडी मर्क्स, त्याच्या सायकलींवर त्याचं स्वतःचं नाव असे. फ्रेम मात्र एके काळी एर्नेस्तो कोलनागोच्या, पुढे उगो दे रोझाच्या हातच्या. आणि तू मिलानमध्ये आहेस. दे रोझाचं कुझानो मिलानीनो तुझ्या शहराला लागूनच, कोलनागोचं कांबियागो लोकलच्या अंतरावर. फालिएरो मासी या आणखी एका कारागिराचा कारखाना तर थेट विगोरेल्ली वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानाच्या, पोटात. नळ्या बनवणारी कोलंबस कंपनीही मिलानचीच. म्हणजे तुझ्या तळघरातली ती सायकल जिथे जन्मली असेल तिथून फार दूर गेलेली नसावी.

उघडायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? चाकापासून कर.

मागच्या चाकाच्या मधोमध एक छोटी वाकडी कांडी आहे, क्विक रिलीजची. ती नीट हातात घेऊन बघ. तिची गोष्ट अशी सांगतात: ११ नोव्हेंबर १९२७, क्रोचे दाउने नावाचा डोंगरी घाट, बर्फ पडतंय. तेव्हा मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असत. गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचं, चाक काढायचं आणि उलटं करून परत बसवायचं. विचेंझाचा तुल्लिओ कांपान्योलो शर्यतीत होता. त्याची बोटं इतकी गारठली होती की चाकाच्या पंखनटा त्याला सोडवताच येईनात. शर्यत गेली. त्यातून पुढे त्याने ही कांडी काढली आणि १९३३ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली. आज जगभर सायकलींना जी कांडी दिसते, ती एका न उघडलेल्या नटातून आलेली आहे.

ती बंद करायची रीत मात्र शिकून घे. पुष्कळ जण ती नटासारखी गोल गोल फिरवून आवळतात. ती तशी नाही. तिच्या आत कॅम आहे, म्हणजे कांडी दाबली की आवळत जाणारा लंबगोल तुकडा. समोरची नट थोडी फिरवून ताण जमवायचा आणि कांडी अशी दाबायची की अर्ध्या वाटेवर जोर लागू लागेल आणि तळव्यावर तिचा वळ उमटेल. नवखेपणी माझं पुढचं चाक एकदा बोर घाटाच्या उतारावर सैल झालं होतं. वेळेत थांबलो म्हणून वाचलो. तेव्हापासून निघण्याआधी तळव्याकडे बघतो.

आता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. मधल्या नळीवर एक पातळ पोलादी चाप बसवलेला दिसेल. नखाने सरकव. खाली एक बारीक भोक आहे, तेल सोडायचं. हब न उघडता आतल्या छर्र्यांना तेल मिळावं म्हणून ही सोय, आणि धूळ जाऊ नये म्हणून वर तो चाप. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा आमच्या कारखान्याने मला एका मशीनच्या कामासाठी विचेंझाला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरने जेवणाच्या सुट्टीत आपल्या सायकलचा तो चाप सरकवून दाखवला होता. मी पिंपरीचा टूलरूमवाला, रोज मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस. तरी त्या चापाकडे बघतच राहिलो. त्यानंतर पाव इंची छर्रे, कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) आणि वाटी पुसून एकेक करून बघितले. कोनवर छर्र्यांनी घासलेली एक बारीक रेघ होती, सरळ, चमकदार. अशी रेघ तुझ्या कोनवर असेल तर कोन चांगला आहे. खड्डे असतील तर कोन बदल, छर्रे तर बदलच, स्वस्त असतात. आवळताना चाक हाताने फिरवून बघ; अडखळलं तर जास्त आवळलंस, डुललं तर कमी.

यात मला कांपान्योलोचं खरं मोठेपण दिसतं. त्यांचा १९६७ सालचा नुओवो रेकॉर्ड डीरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, देखणा आहे, चंदेरी आहे, पण गिअर बदलण्यात तो सर्वात सरस नव्हता. जपानच्या सनटूरने १९६४ सालीच तिरका समांतरभुज चौकोन वापरून अधिक चांगली रचना केली होती, तीही कमी पैशांत. त्यांचं पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि शिमानो या दुसऱ्या जपानी कंपनीने ती कल्पना उचलली. त्याच सुमाराला शिमानोचे टिकटिक आवाजावर अचूक बदलणारे गिअर आले. हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही, आणि तूही सनटूरला इटालियन नाही म्हणून कमी लेखू नकोस. पण नुओवो रेकॉर्डचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक चकती सुटी विकत मिळायची. काहीही झिजलं तरी तेवढंच बदलायचं. म्हणून पन्नास वर्षांनी तो तुझ्या टेबलावर चालू अवस्थेत येऊ शकतो. त्याच्या वरच्या अंगावर पेटंट या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले आहेत का बघ. ७४ असेल तर तो १९७४ चा. फ्रेमही त्याच वर्षाची असेल असं नाही, पण अंदाज बांधायला एक खुंटी मिळते. दुसरी खुंटी मागच्या चाकाची जागा. चाक काढून दोन्ही पात्यांमधलं अंतर मोज. १२० मिलिमीटर म्हणजे पाच गिअरच्या काळातली, १२६ म्हणजे सहा-सात गिअरची, १३० म्हणजे त्यानंतरची.

आता मुख्य ठिकाण, बॉटम ब्रॅकेट: फ्रेमच्या तळाचं आडवं कवच, ज्यात दोन्ही बाजूंनी वाट्या आट्यांवर बसतात आणि पायडलचा आस फिरतो. इथे सावकाश चाल, कारण इथेच मी एका फ्रेमचा जीव घेतला.

ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या एका निवृत्त साहेबांनी मला बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची फ्रेम दिली होती. आपल्या साध्या सायकलची उजवी वाटी आम्ही कधी काढतच नसू. डावी काढली, छर्रे बदलले, काम झालं. या फ्रेमची उजवी वाटी काढायची होती. पान्याला चार फुटी पाइप लावला आणि नेहमीप्रमाणे डावीकडे ओढला. हलेना. आणखी ओढला. एक कोरडा कट्ट असा आवाज आला आणि पाइप अचानक हलका झाला. ब्रिटिश पद्धतीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. मी ती सोडवत नव्हतो, आवळत होतो. फ्रेमच्या आतले आटे फाटले होते. टूलरूममध्ये काम करणाऱ्या माणसाने आटे न बघता जोर लावला, याचं दुःख मला आजही आहे. साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला.

म्हणून तुला सांगतो, पाना उचलायच्या आधी व्हर्नियर उचल. कवचाची रुंदी मोज. ७० मिलिमीटर असेल तर इटालियन, दोन्ही वाट्या सुलट्या आट्यांच्या. ६८ असेल तर बहुधा ब्रिटिश, उजवी उलट्या आट्यांची. वाटीवर ३६ गुणिले २४ असं कोरलेलं दिसलं तर शंकाच नको: ३६ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २४ आटे. मिलिमीटर आणि इंच एकाच भोकात. इटालियन पद्धतीत पायडल मारता मारता उजवी वाटी हळूहळू सुटू पाहते, त्यामुळे परत बसवताना ती चांगली घट्ट आवळ. त्याआधी क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, काढायला लागेल तो पुलर आटे संपेपर्यंत आत गेला पाहिजे; अर्धवट बसवून फिरवलास तर क्रँकचे आटे हातात येतील. क्रँक निघाली की तिचे पाच हात जिथे मुख्य दांडीला मिळतात ती कोपरी पुसून भिंगाखाली बघ. जुन्या कांपान्योलो क्रँकना तिथे केसासारखी चीर जाते. चीर दिसली तर ती क्रँक वापरायची नाही, कितीही सुंदर असली तरी. हँडल आणि त्याला धरणारा स्टेमही माझं ऐकून नवे घाल. जुनं ॲल्युमिनियम न सांगता तुटतं.

वाट्या निघाल्यावर मोबाइलचा दिवा लावून आत डोकाव. नळ्यांच्या तोंडाशी आतून पिळदार उंचवटे दिसले तर ती बहुधा कोलंबस एसएलएक्स, ऐंशीच्या दशकातली. गुळगुळीत असेल तर सीट पोस्टवर, म्हणजे सीटच्या दांडीवर, कोरलेला आकडा वाच. २७.२ असेल तर खूश हो: नळी पातळ आणि उत्तम आहे. कोलंबस एसएलमध्ये मुख्य नळ्या टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर जाडीच्या असतात. जोडावर जीव, मधे हलकेपणा. मधल्या भागावर नखाने टिचकी मार आणि तीच टिचकी टोकाशी मार. आवाजातला फरक तुझा तुला कळेल. लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाह्यांच्या, कडांवरूनही अंगठा फिरव. कारागिराने त्या कडा कानशीने पातळ केल्या असतील तर अंगठा न अडखळता नळीवर उतरतो, आणि पितळाची झाळ कुठे ओघळलेली दिसत नाही. रंगाखाली कुणाचा हात आहे ते तिथे कळतं.

सीट पोस्ट अडकला असेल, तशी शक्यता बरीच. पोलादात ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं कोरडं राहिलं की त्याचा गंज फुगून दोन्ही धरून ठेवतो. हातोडी नको. भेदक तेल सोड, दोन दिवस थांब, परत सोड. आठवडा लागू दे.

रंगाचं सांगतो. काढू नकोस. मूळ रंग एकदाच असतो. मऊ कापड, साबणाचं पाणी, वरून मेण. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलने पाण्यात भिजवून घासलास तर निघेल.

आणि विकायचं नाव इतक्यात काढू नकोस. एखाद्या रविवारी लेक कोमोच्या वरच्या अंगाला मॅदोन्ना देल गिझालोच्या चॅपेलमध्ये जा. पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये तिथल्या माउलीला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून मान्यता दिली. आत कोप्पी, बार्ताली, मर्क्स या जुन्या शर्यतपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. शर्यतपटू फाबिओ कासार्तेल्ली १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पडून गेला, त्याची मोडकी सायकलही तिथेच आहे. तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहा.

मग सायकल जमली की तस्कानीतल्या गायोले इन किआंतीला लेरोइकाला, म्हणजे जुन्या सायकलींच्या फेरीला, जायचं ठरव. १९९७ पासून चालू आहे, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर. ती मुख्यतः १९८७ च्या आधीच्या सायकलींसाठी आहे: गिअर दांड्यावर, पायांना पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून. तुझी लाल त्यात बसेल असं फोटोवरून वाटतं. तेवढ्यासाठी आतापासून चढ चढायची सवय ठेव, कारण पुढे ४२ हून कमी दातांचं चक्र मिळणं अवघड, आणि मागे २६ दातांच्या वर त्या डीरेलरला झेपत नाही.

वाट्या काढल्यास की कवचाची रुंदी आणि आतला एक फोटो पाठव. आटे स्पष्ट दिसले पाहिजेत, फ्लॅश न मारता, बाजूने उजेड घेऊन. तोपर्यंत पाइप लावू नकोस.

तुझा,
काका